मावशी, नाणं चुंबकाला चिकटलं म्हणून पाच लाख येत नाहीत

मंगळवारी रात्री साडेनऊला कऱ्हाडहून मावशीचा फोन आला. ही वेळ तिच्या मालिकेची. या वेळी ती कुणाला फोन करत नाही आणि कुणाचा उचलतही नाही. म्हणून जेवता जेवताच घेतला.

"अरे, ऑनलाइन जीएसटी कसा भरतात रे? साहेब म्हणतायत आज रात्री बाराच्या आत साडेपाच हजार भरले की उद्या अकरा लाख खात्यात."

हातातला घास ताटात ठेवला. कोण साहेब, कसले अकरा लाख, हे काढून घेईपर्यंत भात गार झाला. निघालं ते असं : ८९९ रुपये 'नोंदणी' म्हणून आदल्या दिवशीच गेले होते. पुरावा म्हणून तिला एक ओळखपत्र पाठवलं होतं. वर अशोकस्तंभ, बाजूला रिझर्व्ह बँकेचं चिन्ह, खाली टाय लावलेले साहेब. आणि या सगळ्याच्या मुळाशी भिशीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तो मेसेज त्यानंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक पाठवणारा इंजिनीअर आहे, हे विशेष.

मेसेज मोठा आहे, सार देतो. टांकसाळीत चुकून भलत्याच धातूच्या चकतीवर (म्हणजे ठसा उमटण्याआधीच्या कोऱ्या तुकड्यावर) छापली गेलेली नाणी लोकांच्या घरात पडून आहेत. ओळखायची कशी? नाणं चुंबकाला चिकटलं तर ते चुकीच्या धातूचं, किंमत ५ लाख. २ रुपयांचं नाणं जुन्या १ रुपयाच्या आकाराचं निघालं तर ते चुकीच्या चकतीवरचं, ३ लाख. नाण्याचा रंग सोनेरी किंवा तांबूस असेल तर ३ लाख. अमेरिकेत असंच एक सेंटचं नाणं कोटींना गेलं. ही चूक झाकण्यासाठी रिझर्व्ह बँक ती नाणी गुपचूप परत विकत घेतेय, त्यासाठी खालच्या नंबरवर फोटो पाठवा आणि नोंदणी करा. शेवटी शेपटाला वैष्णोदेवीचं नाणं, गेंड्याचे २५ पैसे वगैरे नेहमीची मंडळी. मावशीने तिन्ही कसोट्यांना एकेक नाणं लावलं, बेरीज अकरा लाख.

मी वीस वर्षं नाणी जमवतोय. पोटासाठी भोसरीत प्रेस शॉपमध्ये (धातू दाबून भाग पाडणाऱ्या वर्कशॉपमध्ये) असतो, त्यामुळे चकती, डाय (म्हणजे ठसा) आणि ठोका या तिघांचं भांडण रोज बघतो. चुकीच्या चकतीवर पाडलेलं नाणं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणूनच डोकं जरा जास्त फिरलंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच जातात.

रिझर्व्ह बँक चूक झाकायला नाणी विकत घेते म्हणे. अहो, चूक तिची असेल तर झाकेल ना. रिझर्व्ह बँक नाणी पाडतच नाही. नोटा तिच्या, नाणी भारत सरकारची. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत आणि त्या अर्थ मंत्रालयाच्या हाताखालच्या सरकारी कंपनीकडे आहेत. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे, कदाचित त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याचा गोंधळ झाला असेल. (तेवढा फोर्टात फिरलेला माणूस असला मेसेज लिहील असं वाटत नाही, पण असो.) बँकेचं काम ती नाणी पुढे वाटायचं. आणि हो, नाणी छापत नाहीत, पाडतात. ज्याला एवढं क्रियापद माहीत नाही तो तुमच्या नाण्याची किंमत ठरवतोय.

आता पुरावा. ४ ऑगस्ट २०२१ ला रिझर्व्ह बँकेने यावरच प्रसिद्धीपत्रक काढलं. त्यात सरळ म्हटलंय की काही लोक बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत लोकांकडून शुल्क, कमिशन, कर मागतात. बँक असल्या व्यवहारांत पडत नाही, कधीही कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या वतीने ते गोळा करायला कुठल्याही संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तीला तिने अधिकार दिलेला नाही. एवढं एक पत्रक पुरे आहे. बाकीचा मेसेज अक्षरन् अक्षर खरा असता तरी हा मुद्दा या पत्रकापुढे टिकत नाही. मावशीला मी ते फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पण साहेबांच्या कार्डावर पण बँकेचंच चिन्ह आहे ना." पत्रकात चिन्हाचाच उल्लेख आहे म्हटल्यावर मग गप्प झाली.

या लोकांची पद्धत एकदा बघून ठेवा. आधी छोटी रक्कम, आठशे-नऊशे. गेली तरी माणूस घरात सांगणार नाही, एवढी. मग एक 'मंजुरीपत्र' येतं, त्यावर तुमचं नाव आणि अकरा लाखांचा आकडा. मग जीएसटी. तो भरला की वाहतुकीचा विमा, मग आयकर, मग 'तुमची फाइल अडकलीय'. दर वेळी मागणी थोडी मोठी, आणि दर वेळी आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. न आलेल्या पैशांवर आगाऊ कर कोण घेतं? आणि विकणाऱ्याकडूनच पैसे मागणारा खरेदीदार मंडईत तरी पाहिलाय का कधी? भाजीवाली गिऱ्हाईकाला सांगते का, की मेथीची जुडी घ्या आणि वर हे दहा रुपयेही घ्या? नाण्यांचे रीतसर लिलाव करणारे आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून कापतात. नाणं विकलंच गेलं नाही तर कापणार कशातून?

८९९ गेले ते गेलेच म्हणायचे. त्याच रात्री सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवली, सकाळी तिच्या बँकेत जाऊन आलो. साडेपाच हजार वाचले ते मालिकेच्या वेळी फोन करण्याची बुद्धी झाली म्हणून.

आता चुंबक. हा मुद्दा वाचून मी आधी हसलो. मग लक्षात आलं की सगळ्यात जास्त लोक याच्यावरच फसत असणार, कारण प्रयोग घरात करता येतो आणि 'यशस्वी' होतो. फ्रिजवरचा चुंबक काढायचा, नाण्याला लावायचा, टक् करून चिकटलं की झाले पाच लाख.

तुमच्या घरातली ५ रुपयांची नाणी काढा. एक जाडजूड, जुनं, हातात घेतल्यावर वजन कळतं असं सापडेल. ते १९९२ पासूनचं, ९ ग्रॅमचं, तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल. चुंबकाला चिकटणार नाही. (निकेल चिकटतं म्हणून भांडू नका. एवढ्या तांब्यात मिसळलं की चिकटत नाही.) दुसरं पातळ, चकचकीत, २००७ च्या आसपासचं, ६ ग्रॅमचं. ते स्टेनलेस स्टीलचं, टपकन चिकटेल. तिसरं पिवळं, २००९ पासूनचं, निकेल मिसळलेल्या पितळेचं. ते पुन्हा चिकटणार नाही. किंमत तीच, धातू तीन, तिन्ही सरकारने ठरवून, अधिसूचना काढून बदललेले. चुकलं कुणाचंच नाही. जुन्या जाड नाण्यात पाच रुपयांपेक्षा जास्त किमतीचा धातू होता, ती वितळवून ब्लेड करायला बांगलादेशात जातात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. धातू बदलायचं एक कारण तेच सांगितलं जायचं.

१ रुपयाचं तसंच. १९९१ पर्यंत तांबं-निकेल, १९९२ पासून स्टेनलेस स्टील. आपल्या नाण्यांसाठी वापरतात ते स्टील स्वयंपाकघरातल्या बऱ्याचशा भांड्यांसारखं नाही, त्यात निकेल नसतं आणि ते चुंबकाला चिकटतं. म्हणजे मेसेजच्या हिशोबाने १९९२ नंतरचा प्रत्येक रुपया पाच लाखांचा. मावशीच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे साठ-सत्तर तरी असतील. कऱ्हाडात बसून ती साडेतीन कोटींची मालकीण आहे आणि दुधाच्या पिशवीला सुट्टे नाहीत म्हणून दूधवाल्याशी वाद घालते.

पण इथे दात-ओठ खात एक गोष्ट कबूल करायला हवी. चुंबक अगदीच निरुपयोगी नाही. नाण्याचं साल आणि त्या सालचा ठरलेला धातू माहीत असेल, तर चुंबक ही पहिली चाळणी म्हणून मीही वापरतो. २ रुपयांचं अकरा बाजूंचं नाणं १९९२ पासून २००४ पर्यंत तांबं-निकेलचं होतं, ६ ग्रॅमचं. ते चिकटायला नको. चिकटलं तर दोनच शक्यता : एक तर बनावट (ही जास्त), नाहीतर ते खरोखर रुपयाच्या स्टीलच्या चकतीवर पडलेलं.

तसं एक माझ्याकडे आहे. पुण्यातल्या एका प्रदर्शनात अठराशे रुपयांना घेतलं, आणि बायकोला तीनशे सांगितले. समोर ठेवूनच लिहितोय. पहिल्या नजरेत जरा झिजलेलं २ रुपयांचं नाणं वाटतं. नीट पाहिलं की कोपरे गडबडलेले दिसतात. अकरा बाजू धड उमटलेल्या नाहीत, तीन-चार ठिकाणी कडा नुसती गोल राहिलीय, कारण तिथे धातू पोचलाच नाही. काठाजवळची अक्षरं खालच्या बाजूने वितळल्यासारखी दिसतात. आणि काट्यावर वजन ४.८६ ग्रॅम. इथे खरी मेख आहे. त्या काळातल्या १ रुपयाच्या चकतीचं वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर. २ रुपयांच्या नाण्याचा व्यास २६.

हे असं होतं कसं ते आमच्या प्रेसवर रोज दिसतं. खाली एक डाय, वर एक डाय आणि भोवती कडं. चकती कड्यात बसते, वरून ठोका पडतो, धातू पसरून कड्याला भिडतो आणि त्यामुळे काठ तयार होतो. दिवसभर रुपये पाडले, पिंपाच्या कोपऱ्यात एखादी चकती अडकून राहिली, दुसऱ्या दिवशी त्याच पिंपात दोन रुपयांच्या चकत्या भरल्या, की ती त्यांच्यात मिसळून जाते. चकती लहान असेल तर कड्यात सैल बसते आणि ठोका खाते. मोठी असेल तर कड्यात उतरतच नाही. म्हणून अशा नाण्याला बहुतेक वेळा काठाशी काहीतरी कमी असतं आणि वजन कुठल्यातरी दुसऱ्या नाण्याशी तंतोतंत जुळतं. सोनाराच्या काट्यावर दोन दशांशांपर्यंत वजन करा, ते कशाशीच जुळत नसेल तर स्वप्नं थांबवा. मेसेजमध्ये वजनाचा शब्दही नाही. नसणारच, वजन केलं की धंदा बसतो.

आता २ रुपये आणि १ रुपयाच्या मापाचं बघू. मी आत्ताच म्हटलं ना की रुपयाच्या चकतीवर पडलेलं २ रुपयांचं नाणं असतं, तर मेसेजवाल्याने हेच कुठूनतरी अर्धवट ऐकलेलं दिसतंय. २०११ मध्ये रुपयाचं नवं चिन्ह असलेली नाण्यांची मालिका आली. त्यात २ रुपयांचं नाणं केलं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचं. म्हणजे आधीच्या १ रुपयाचं माप जसंच्या तसं. रुपया त्याहून लहान, २२ मिलिमीटरचा झाला. रिक्षावाले, भाजीवाले, कंडक्टर, सगळे तेव्हापासून आजतागायत त्या गोंधळाला शिव्या घालतायत. सरकारने गोंधळ घातला हे मान्य. पण नाणी चुकून तशी पडलेली नाहीत, ती तशीच पाडायची ठरली होती. त्यांची किंमत प्रत्येकी दोन रुपये.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. मावशीचं 'सोनेरी' नाणं देव्हाऱ्यातल्या कलशाखालचं होतं. बारा-पंधरा वर्षांची हळद, तेल आणि निरांजनाचा धूर. मी कोमट पाण्यात साबण लावून चोळलं, दोन मिनिटांत खालून स्टीलचा रुपया वर आला आणि मोरी पिवळी झाली. ते तीन लाख माझ्या हातून वाहून गेले म्हणून ती अजून जरा नाराज आहे. याशिवाय सोन्याचं पाणी दिलेली नाणी असतात, जत्रेत तांब्याचा मुलामा दिलेली विकतात, गॅसवर तापवून रंग बदलणारे कारागीरही आहेत. रंगावरून धातू ठरत नाही. शंकाच असेल तर हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्सआरएफ यंत्र असतं, त्याखाली धरा, वरच्या थरात काय आहे ते सांगतं. (आणि नाणं खरंच जुनं-दुर्मिळ असेल तर मी केलं तसं साबणाने धुऊ नका. घासलेल्या नाण्याची किंमत पडते.)

अमेरिकेच्या सेंटचा मुद्दा. हा खरा आहे. मला आवडत नाही, पण खरा आहे. मेसेजमधली एवढीच ओळ खरी असल्यामुळे बाकीच्या ओळी खपतात.

१९४३ मध्ये युद्धासाठी तांबं हवं म्हणून अमेरिकेने एक सेंटची नाणी जस्ताचा थर दिलेल्या पोलादाची केली. तीन टांकसाळींत मिळून १०९ कोटींहून जास्त. पण आदल्या वर्षीच्या तांब्याच्या थोड्या चकत्या यंत्रांत अडकून राहिल्या होत्या, त्यांच्यावर १९४३ चा ठसा पडला. अशी नाणी किती? अमेरिकी टांकसाळीच्याच म्हणण्यानुसार साधारण ४० शिल्लक आहेत. १०९ कोटींत ४०. त्यातलं डेन्व्हर टांकसाळीचं तर एकच माहीत आहे, आणि ते २०१० मध्ये १७ लाख डॉलरला गेलं.

यातलं एक नाणं डॉन ल्यूट्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला सापडलं. १९४७, मॅसॅच्युसेट्समधलं पिट्सफील्ड गाव, शाळेच्या कँटीनमध्ये परत आलेले सुट्टे पैसे. आणि आता मजा ऐका. तेव्हाही एक 'मेसेज' फिरत होता, नुसता तोंडी. हेन्री फोर्ड म्हणे १९४३ चा तांब्याचा सेंट आणून देणाऱ्याला नवी कोरी गाडी देतो. पोराने फोर्ड कंपनीकडे चौकशी केली. उत्तर आलं, अफवा आहे. मग सरकारी खजिन्याला विचारलं. उत्तर आलं, १९४३ मध्ये तांब्याचे सेंट पाडलेच नाहीत. म्हणजे चूक झाली हेही मान्य नाही, विकत घेणं तर लांबच. झाकायचीच होती तर सरकारने पोराला गप्पा मारायला बोलावलं असतं. त्याने नाणं तसंच जपून ठेवलं, सत्तर वर्षं. तो २०१८ मध्ये वारला आणि जानेवारी २०१९ मध्ये लिलावात त्या नाण्याला २ लाख ४ हजार डॉलर आले, तेव्हाच्या भावाने साधारण १ कोटी ४० लाख रुपये. त्याच्या इच्छेप्रमाणे पैसे गावच्या लायब्ररीला गेले.

आणि त्या सेंटची पहिली कसोटी कुठली, तर चुंबक. पण आपल्या मेसेजच्या अगदी उलट! चिकटला तर तो साधा पोलादी सेंट, वर तांब्याचा मुलामा दिलेला. चिकटला नाही तर पुढे तपासायचं, कारण १९४८ च्या सेंटमधला ८ कोरून ३ करणारेही भरपूर होते. तांब्याच्या खऱ्या सेंटचं वजन ३.११ ग्रॅम, पोलादीचं २.७०. परत वजनच.

आपल्याकडच्या चुकीच्या चकतीच्या नाण्यांना असे भाव का नाहीत, हे कुणी विचारेल. एक तर अमेरिकेत नाणी जमवणारे भरपूर आणि त्यांच्या खिशात डॉलर. दुसरं, त्या सेंटला युद्धाची गोष्ट चिकटलेली आहे. आपल्याकडची अशी नाणी प्रदर्शनांत शेकड्यांत आणि हजारांत विकली जाताना मी पाहिलीत. कुणी लाख देतो म्हणाला तर आधी त्याच्या हातातले लाख बघा.

उरलेलं शेपूट. वैष्णोदेवीचं नाणं २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या २५ वर्षांनिमित्त काढलेलं, चलनात भरपूर आलं. त्यात चूक कसलीच नाही. गेंड्याच्या २५ पैशांची गोष्ट तशीच. २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून बंद झाले, म्हणून ते दुर्मिळ होत नाहीत, नुसते निरुपयोगी होतात. इंग्रजी 'एच' असलेला १९८५ चा रुपया बर्मिंगहॅममधून पाडून आणलेला आहे. तेव्हा इथल्या टांकसाळींना मागणी पुरी करता येत नव्हती म्हणून सरकारने बाहेर काम दिलं, त्यालाही मेसेजमध्ये 'चूक' म्हटलंय. ७८६ च्या नोटेवर मी बोलणार नाही.

हा मेसेज ज्यांनी मला पाठवला त्यांना हे सगळं पाठवतोय. इंजिनीअरला दोनदा.

मावशीचा डबा मात्र मी पुण्याला घेऊन आलो, "तुझ्याकडेच ठेव ते चाळे" म्हणाली. रविवारी दुपारी जमिनीवर पेपर पसरून सगळी नाणी ओतली. अकरा बाजूंची, २००४ पर्यंतची, सतरा निघाली. एकेकाला चुंबक लावला. सतरापैकी एकही चिकटलं नाही. सतराव्याला हात जरा थरथरला होता, हे खोटं कशाला बोलू.